देव एकच, मग नियम वेगवेगळे का? तौहीद, शरीयत, हलाल-हराम आणि फतवा यांचा नेमका अर्थ

रत्नागिरी-रायगडकडच्या कोकणी मुस्लीम घरात कोळंबीचं कालवण ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्याच घरातली मुलगी लग्न होऊन मालेगावच्या किंवा भिवंडीच्या एखाद्या घरात गेली, तर तिथे कदाचित कुणीतरी तिला सांगेल की कोळंबी खाणं बरं नव्हे. दोन्ही घरांत कलमा एकच, कुराण एकच, नमाजाची दिशाही एकच. मग ताटातल्या कोळंबीवर एकमत का नाही?

प्रश्न छोटा आहे, पण त्याच्या उत्तरात इस्लामची जवळजवळ सगळी रचना दिसते. "इस्लाममध्ये हे हराम आहे", "शरीयत असं सांगते", "मौलानांनी फतवा काढला" अशी वाक्यं सोशल मीडियावर रोज फिरतात. ती फॉरवर्ड करणाऱ्यांत मुसलमानही असतात आणि मुसलमानेतरही. या वाक्यांत बहुतेक वेळा एक गोष्ट गाळलेली असते. देवाबद्दलची मूळ श्रद्धा आणि रोजच्या वागण्याचे नियम या इस्लाममध्ये दोन वेगळ्या पातळीवरच्या गोष्टी आहेत. पहिली सगळ्यांसाठी सारखी आहे. दुसरीत मतभेद गृहीतच धरलेले आहेत.

तौहीद: सगळ्याचा पाया

इस्लाममधल्या देवाविषयीच्या शिकवणीला एका शब्दात 'तौहीद' म्हणतात. तौहीद म्हणजे देवाचं एकत्व. कुराणातला ११२ वा अध्याय फक्त चार छोट्या आयतींचा आहे आणि ही शिकवण त्यात आली आहे. आशय असा: देव एक आहे, त्याला कुणाची गरज नाही पण सगळ्यांना त्याची आहे, त्याला अपत्य नाही आणि आईबापही नाहीत, त्याच्या तोडीचं कुणी नाही.

'अल्लाह' हे मुसलमानांच्या एखाद्या वेगळ्या देवाचं नाव आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो ईश्वरासाठीचा अरबी शब्द आहे. अरबी बोलणारे ख्रिश्चनही प्रार्थनेत हाच शब्द वापरतात. या शब्दाचं अनेकवचन होत नाही आणि स्त्रीलिंगी रूपही नाही.

देवाचं चित्र किंवा मूर्ती नाही, मग त्याला ओळखायचं कसं? गुणांवरून. परंपरेत देवाची ९९ नावं सांगितली जातात: रहमान म्हणजे परमदयाळू, करीम म्हणजे उदार, कादिर म्हणजे सर्वशक्तिमान, हक म्हणजे सत्य. अब्दुल रहमान, अब्दुल करीम, अब्दुल कादर ही नावं यातूनच आली. 'अब्द' म्हणजे दास. त्यामुळे नुसतं 'अब्दुल' हे खरं तर अर्धंच नाव आहे. कुणाचा दास, ते पुढच्या शब्दात असतं.

तौहीदच्या उलट आहे 'शिर्क', म्हणजे देवाच्या बरोबरीला दुसऱ्या कुणाला बसवणं. इस्लाममध्ये हे सर्वांत मोठं पाप मानलं जातं. म्हणूनच काबा ही मुसलमानांची पूजेची वस्तू नाही, ती नमाजाची दिशा आहे. सुरुवातीच्या काळात ही दिशा जेरुसलेमची होती. इ. स. ६२४ च्या सुमारास ती मक्केकडे वळली. पैगंबर मुहम्मद यांचीही पूजा होत नाही. ते प्रेषित आहेत, देवाचा अंश किंवा अवतार नाहीत.

दर्ग्यावरून मुसलमानांमध्येच चालणारा वाद याच मुद्द्याचा आहे. हाजी अली किंवा हाजी मलंगला जाणारा भाविक म्हणतो, "मागणं अल्लाहकडेच आहे, वलींचा फक्त वसीला घेतो." वसीला म्हणजे माध्यम. अहले-हदीससारख्या पंथांना हीच वाट शिर्ककडे जाणारी वाटते. देव एकच आहे यावर दोघांचं एकमत आहे. वाद आहे तो त्याच्याकडे मागण्याच्या पद्धतीवर.

देवाविषयी वाद झालेच नाहीत का?

झाले, आणि जोरदार झाले. कुराणात देवाचा 'हात', देवाचं 'सिंहासन' असे उल्लेख येतात. ते शब्दशः घ्यायचे की रूपक म्हणून? काहींनी रूपक म्हटलं. काहींनी सांगितलं, जसं आहे तसं माना, पण 'कसं' हे विचारू नका आणि माणसाच्या हाताशी तुलना करू नका. दहाव्या शतकात अशअरी आणि मातुरीदी हे दोन विचारप्रवाह उभे राहिले. त्यांनी तर्क आणि ग्रंथ यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. आजचे बहुतेक शाफई अशअरी, तर बहुतेक हनफी मातुरीदी परंपरेतले आहेत.

सर्वांत गाजलेला वाद बगदादचा. कुराण अनादि आहे की देवाने निर्माण केलेलं आहे? मुतझिला विचारवंतांचं म्हणणं असं की, कुराणही अनादि मानलं तर देवाबरोबर दुसरी एक अनादि गोष्ट आली आणि एकत्वाला बाधा आली. खलिफा मामूनने इ. स. ८३३ मध्ये हे मत विद्वानांवर सक्तीचं केलं. इमाम अहमद इब्न हंबल यांनी नकार दिला. त्यांना तुरुंगवास झाला, फटकेही बसले. साधारण पंधरा वर्षांनी पुढच्या एका खलिफाने ही सक्ती सोडून दिली. धर्माचा अर्थ राजाने ठरवायचा की विद्वानांनी, या झगड्यात विद्वानांचं पारडं यानंतर जड झालं असं अनेक इतिहासकार मानतात. ही बाब पुढच्या भागासाठी महत्त्वाची आहे. शरीयत हा कुणा बादशहाने लिहून जारी केलेला कायदा नाही.

शरीयत आणि फिकह यांत फरक काय?

'शरीयत'चा मूळ अरबी अर्थ आहे पाण्याकडे नेणारी वाट. श्रद्धावंताच्या दृष्टीने ही देवाने दाखवलेली वाट आहे, म्हणून ती बिनचूक आहे. पण ती वाट माणसाला समजणार कशी? समजून घेण्याच्या या मानवी प्रयत्नाला 'फिकह' म्हणतात. या शब्दाचा अर्थच 'समज' असा आहे. माणसाची समज आली की चूक होण्याची शक्यता आली, आणि मतभेदही आले.

कुराणात ११४ अध्याय आणि सहा हजारांहून जास्त आयती आहेत. त्यातल्या थेट कायद्याशी संबंधित आयती परंपरेने साधारण ५०० धरल्या जातात. बाकीचा भाग श्रद्धा, उपदेश, इतिहास आणि परलोकाविषयी आहे. तेव्हा रोजच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुराणात तयार मिळत नाही. मग हदीस पाहिली जाते, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृतींच्या नोंदी. तिथेही उत्तर नसेल तर 'इज्मा', म्हणजे विद्वानांचं एकमत. त्यानंतर 'कियास', म्हणजे माहीत असलेल्या नियमावरून नव्या प्रश्नाचं उत्तर काढणं. कुराणात द्राक्षाच्या दारूला मनाई आहे, मग नव्याने आलेल्या नशेच्या पदार्थाचं काय? मनाईचं कारण नशा असेल, तर तेही निषिद्ध. हा कियास.

हलाल आणि हराम यांच्या मधलं बरंच काही

फॉरवर्डमध्ये जग दोनच रंगांचं असतं: हलाल किंवा हराम. फिकहच्या पुस्तकात मात्र माणसाच्या प्रत्येक कृतीसाठी पाच खाने असतात.

• फर्ज: केलंच पाहिजे, टाळलं तर पाप. उदा. दिवसाच्या पाच नमाजा, रमजानचे रोजे, ऐपत असलेल्याने जकात देणं.
• मुस्तहब: केलं तर पुण्य, नाही केलं तर पाप नाही. उदा. जास्तीचे रोजे, ऐच्छिक दान.
• मुबाह: करा किंवा करू नका, धर्माचं काही म्हणणं नाही.
• मकरूह: टाळलेलं बरं.
• हराम: निषिद्ध.

हनफी विद्वान यात आणखी उपप्रकार करतात. फर्जच्या खाली 'वाजिब' ठेवतात आणि मकरूहचे सौम्य व कडक असे दोन भाग पाडतात. त्यामुळे एखादी गोष्ट 'चांगली नाही' आणि 'हराम आहे' यांत बरंच अंतर असतं. व्हॉट्सॲपवर पोहोचेपर्यंत मकरूहचं हराम झालेलं असतं.

आणखी एक तत्त्व बहुतेक विद्वान मान्य करतात. उपासनेत मनाने काही वाढवायचं नाही, तिथे आधार लागतोच. पण खाणं, कपडे, व्यापार, यंत्रं अशा व्यवहाराच्या गोष्टी मुळात परवानगी असलेल्याच धरायच्या. मनाई आहे असं म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा.

अडचणीसाठी सवलतीही नियमातच आहेत. आजारी माणूस आणि प्रवासी रोजे नंतर पूर्ण करू शकतो. प्रवासात चार रकअतींची नमाज दोन रकअतींची होते. वजूसाठी पाणी नसेल तर स्वच्छ मातीने 'तयम्मुम' चालतं. उपासमारीने जीव जायची वेळ आली, तर एरवी हराम असलेलं अन्नही जीव वाचेल इतपत खाण्याची मुभा आहे.

चार मजहब आणि कोकणातला समुद्र

सुन्नी मुसलमानांमध्ये फिकहच्या चार मोठ्या परंपरा टिकल्या. त्यांना 'मजहब' म्हणतात. इमाम अबू हनिफा (मृत्यू ७६७) यांची हनफी, मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांची मालिकी, इमाम शाफई (मृत्यू ८२०) यांची शाफई आणि बगदादचे इमाम अहमद इब्न हंबल (मृत्यू ८५५) यांची हंबली. इमाम शाफई इराकमधून इजिप्तला गेल्यावर त्यांनी स्वतःचीच अनेक मतं बदलली. आजही शाफई ग्रंथांत त्यांची 'जुनी' आणि 'नवी' मतं वेगळी सांगितली जातात. शियांची मुख्य परंपरा इमाम जाफर सादिक यांच्या नावाने जाफरी म्हणून ओळखली जाते.

हे चारही मजहब एकमेकांना बरोबर मानतात. हनफी माणूस शाफई इमामामागे नमाज पढतो. नमाजात 'आमीन' मोठ्याने म्हणायचं की मनात, हात कुठे बांधायचे, वजू कशाने मोडतो, असे फरक त्यांच्यात आहेत. बकरी ईदची कुर्बानी ऐपतदार माणसाला हनफी मतानुसार वाजिब आहे, तर शाफई मतानुसार ती आग्रहाची सुन्नत आहे, सक्तीची नाही. असरची, म्हणजे दुपारनंतरची नमाज शाफई मतानुसार सावली वस्तूएवढी झाल्यावर सुरू होते (मध्यान्हीची सावली वगळून), तर हनफी मतानुसार दुप्पट झाल्यावर.

आता पुन्हा कोळंबी. उत्तर भारत आणि दख्खनमधले बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत. कोकण किनाऱ्यावर इस्लाम मुख्यतः अरबी समुद्रातल्या व्यापारातून आला आणि त्याबरोबर शाफई मजहब आला. केरळचे मापिला, भटकळचे नवायत, श्रीलंका, मलेशिया, इंडोनेशिया इथले सुन्नी मुसलमानही मुख्यतः शाफईच आहेत. माहीमला ज्यांचा दर्गा आहे ते मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे कोकणातले शाफई विद्वान होते. त्यांनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिलं.

शाफई मतानुसार फक्त पाण्यातच जगणारे समुद्री जीव खायला चालतात, म्हणून कोळंबी आणि माकूळ दोन्ही चालतात. पाणी आणि जमीन दोन्हीकडे जगणाऱ्या जिवांवर, उदाहरणार्थ खेकड्यावर, शाफईंमध्येही मतभेद आहेत. हनफी मतानुसार पाण्यातला फक्त मासा चालतो. मग कोळंबी मासा आहे का? काही हनफी विद्वान म्हणतात, लोकभाषेत तिला मासळीच म्हणतात, म्हणून चालते. काही म्हणतात तो मासा नाही, म्हणून टाळा. जाफरी मतानुसार खवले असलेला मासा आणि कोळंबी चालते, खेकडा नाही.

म्हणजे "इस्लाममध्ये कोळंबी हराम आहे" हे वाक्य चुकीचं आहे, आणि "इस्लाममध्ये सगळी मासळी चालते" हेही चुकीचंच. 'कोणत्या मतानुसार' हे सांगितल्याशिवाय वाक्य पूर्ण होत नाही.

फतवा म्हणजे हुकूम नव्हे

मराठीत 'फतवा' म्हणजे मनमानी आदेश. महापालिकेचा फतवा, मुख्याध्यापकांचा फतवा असे मथळे नेहमी दिसतात. १९८९ मध्ये इराणच्या आयातुल्ला खोमेनींनी सलमान रश्दींविरुद्ध काढलेल्या फतव्यानंतर जगभर या शब्दाला मृत्युदंडाचा वास चिकटला.

मूळ अर्थ बराच साधा आहे. कुणीतरी प्रश्न विचारतो, मुफ्ती आपल्या अभ्यासानुसार उत्तर देतो. ते उत्तर म्हणजे फतवा. प्रश्न बहुतेक वेळा साधे असतात. सोन्यावर जकात किती? (साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीएवढी संपत्ती वर्षभर शिल्लक असेल तर अडीच टक्के.) इंजेक्शन घेतल्याने रोजा तुटतो का? एकाच प्रश्नावर दोन मुफ्ती वेगळी उत्तरं देऊ शकतात. निवाडा देणारा तो 'काझी', मत देणारा तो 'मुफ्ती'.

भारतात याची कायदेशीर स्थिती स्पष्ट आहे. विश्व लोचन मदन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१४ रोजी सांगितलं की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर बंधनकारक नाही आणि जबरदस्तीने लादता येत नाही. फतवा देणं हाच गुन्हा आहे असं मात्र न्यायालयाने म्हटलं नाही. ज्याचा प्रश्नाशी थेट संबंध आहे त्याने विचारल्याशिवाय कुणाच्या खासगी हक्कांवर फतवे देऊ नयेत, असंही न्यायालयाने सुनावलं.

मतभेदातून सुटका: १९३९ चा कायदा

मजहबांतले फरक फक्त ताटापुरते नसतात. नवरा बेपत्ता झाला तर बायकोने काय करायचं? पारंपरिक हनफी मतानुसार नवरा मेला असं मानण्याइतकं वय उलटेपर्यंत तिने थांबायचं. प्रत्यक्षात तिचं आयुष्य संपायचं. छळ करणाऱ्या किंवा पोटगी न देणाऱ्या नवऱ्यापासूनही सुटका जवळपास नव्हती. धर्म सोडला की लग्न मोडतं असा नियम होता, म्हणून ब्रिटिश भारतात, विशेषतः पंजाबात, काही मुस्लीम स्त्रिया सुटकेसाठी धर्मच सोडू लागल्या.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला देवबंद परंपरेतले हनफी विद्वान अशरफ अली थानवी यांनी मालिकी विद्वानांशी सल्लामसलत केली. मालिकी मतानुसार चार वर्षांची मुदत पुरे होती. गरज असेल तिथे दुसऱ्या मजहबचं मत घेता येतं, या तत्त्वावर त्यांनी वाट मोकळी केली. पुढे मुस्लीम विवाहविच्छेद कायदा, १९३९ संमत झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असणं, दोन वर्षं पोटगी न देणं, क्रूर वागणूक अशा कारणांसाठी मुस्लीम स्त्रीला न्यायालयात घटस्फोट मागता येऊ लागला. त्याच वेळी, नुसतं धर्म सोडल्याने तिचं लग्न मोडणार नाही, अशी तरतूदही आली.

एका बैठकीतल्या तीन तलाकचीही गोष्ट अशीच. चारही सुन्नी मजहबांचं प्रचलित मत असं की अशा तीन तलाकांनी लग्न मोडतं. हनफी विद्वान तर ही पद्धत पाप मानत, तरीही लग्न मोडलं असंच म्हणत. चौदाव्या शतकात इब्न तैमिया यांचं निधन झालं, त्यांच्या मते मात्र तीनदा उच्चारलेला तलाक एकच धरायचा. भारतातले अहले-हदीस तसंच मानतात. शियांना ही पद्धतच मान्य नाही. इजिप्तने १९२९ मध्येच कायद्याने तीनचा एक केला.

महाराष्ट्रात हा प्रश्न रस्त्यावर आणला चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाई यांनी. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांच्या पुढाकाराने सात मुस्लीम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाईंची वाट थानवींपेक्षा अगदी वेगळी होती. त्यांनी दुसऱ्या मजहबचा आधार मागितला नाही, सगळ्या नागरिकांसाठी समान कायदा मागितला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी तत्काळ तीन तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा झाला.

पुढचा फॉरवर्ड आला की

"इस्लाम असं सांगतो" असं वाक्य दिसलं की तीन प्रश्न विचारता येतात. हे श्रद्धेबद्दल आहे की वागण्याच्या नियमाबद्दल? नियम असेल, तर तो पाच खान्यांपैकी कोणत्या खान्यात बसतो? आणि हे कुणाचं मत आहे, कोणत्या मजहबचं, की एकट्या मुफ्तीचं? देव एक आहे यावर जगातले सगळे मुसलमान एकमुखाने हो म्हणतील. त्याच्या पुढच्या बहुतेक प्रश्नांवर त्यांच्याच ग्रंथांत किमान दोन मतं लिहिलेली असतात. यातलं कोणतं मत पुढे केलं गेलं, यावर कधी ताटातली कोळंबी ठरली, तर कधी एखाद्या बाईचं पुढचं सगळं आयुष्य.